दोन रिंग झाल्या की ठेवायचा

माझे धाकटे दीर मला घरबसल्या समाजसेवा करणारी बाई म्हणायचे. दिवाळीला सगळे जमले की नव्या पाहुण्यांशी ओळखही तशीच करून द्यायचे, "ह्या आमच्या वहिनी. खुर्चीत बसून लोकांचे संसार सावरतात." मला राग यायचा, आणि राग आला की मी जास्तच सविस्तर सांगत सुटायचे. कामाची पद्धत काय, रजिस्टर कसं ठेवते, बुधवारचं एवढं काय महत्त्व. पाहुणे बिचारे फराळाची बशी हातात धरून ऐकायचे. हल्ली दीर तसं म्हणत नाहीत. खरं काय झालं ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, पण माझं सविस्तर सांगणं बंद झालं हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

नव्वदच्या दशकात मी खुर्चीत बसत नव्हते. मारहाण होणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी काम करणारी नाशिकमधली एक लहानशी संस्था होती, तिथे मी होते. दोन खोल्या, चार सतरंज्या, एक टेलिफोन आणि आम्हा सगळ्यांच्या वर एक संचालक, ज्यांना आम्ही नुसतंच बाई म्हणायचो. एखादी स्त्री यायची, तिचं ऐकून घ्यायचं, मग तिच्या सासरच्यांना बोलवायचं. जमलं तर समझोता, नाही तर पोलीस आणि कोर्ट. समझोता झाला की कागदावर सगळ्यांचे अंगठे-सह्या व्हायच्या, ती नवऱ्यामागून जिना उतरून जायची, आणि आमचं खरं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. ती नांदते आहे का, नीट नांदवतात का, हे बघायला तिच्या घरी जायचं. ह्याला आम्ही पाठपुरावा म्हणायचो.

पाठपुराव्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मी आता फुशारकीने सांगत नाही, पुढचं समजावं म्हणून सांगते. सिन्नरकडे जीपमध्ये मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, सुरगाण्याच्या वाटेला मधेच उतरून पाड्यापर्यंत चालायचं, हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं. न सांगता जायचे. घरात शिरलं की पाण्याचा तांब्या कोण आणून देतं आणि देताना कोणाच्या तोंडाकडे बघतं, एवढ्यावरून मला त्या घरातलं अर्धं कळायचं. सासू म्हणायची, "बरी हाय की, काय धाड भरलीये," आणि मी म्हणायचे, "हो का, मग तिला जरा बाहेर पाठवा, मला एस. टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला." थांब्यापर्यंतच्या त्या वाटेवर सगळं बाहेर यायचं.

नवं शतक सुरू झालं त्याच्या आसपास माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली आणि माझं बाहेर पडणं बंद झालं. मी राजीनाम्याचं पत्र घेऊन बाईंकडे गेले तर त्यांनी ते न वाचता परत दिलं. म्हणाल्या, "घरी फोन आहे ना? पाठपुरावा फोनवरून कर. पाय नाही तर तोंड तरी वापर."

आधी मला अपमान वाटला. नंतर पटलं, आणि पटल्यावर मी त्या कामाला अशी काही भिडले की विचारू नका. फोनला नंबर दाखवणारा डबा जोडून घेतला. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले. अडचण एकच होती. माझ्याकडे फोन होता, त्या बायकांकडे नव्हता. गावात किराणा दुकानाच्या फळीवर लाल डबा असायचा, रुपया टाकून बोलायचा. पण तो रुपया मागायचा कोणाकडे, आणि कशाला हवा म्हणून सांगायचं?

त्यावर मी जी युक्ती काढली ती काही माझी एकटीची नव्हती. तेव्हा सगळा गाव मिस कॉलवर चालला होता. मुलगा पुण्याला पोचला की दोन रिंग द्यायचा, दूधवाला दोन रिंग द्यायचा. समोरच्याने उचललाच नाही तर लाल डब्यात रुपया पडत नाही. मी त्याला नियम लावले, एवढंच. दर बुधवारी अकरा ते चार ह्या वेळात गावच्या डब्यावरून माझ्या घरी फोन लावायचा. दोन रिंग झाल्या की ठेवायचा. मी उचलणार नाही. माझ्याकडे नंबर दिसेल, नंबरावरून गाव कळेल, मी रजिस्टरमध्ये 'ठीक' लिहीन. काही बोलायचं असेल तर लागोपाठ दोनदा द्यायचा, म्हणजे मी उलट त्याच डब्यावर फोन करीन. आणि चारपर्यंत काहीच आलं नाही, तर गुरुवारी संस्थेतलं कोणीतरी घरी जाऊन उभं राहील.

गोदेकाठचा बुधवारचा बाजार मी त्यापायी सोडला. सासूबाईंना भरवून, त्यांची कूस बदलून मी अकराला खुर्चीत बसायचे. फोन वाजायचा, थांबायचा, मी डब्यावरचा नंबर बघायचे आणि खूण करायचे. एका दुपारी मी इतक्या घरांची खबर घ्यायचे की पूर्वी जीपने फिरून महिन्यात झाली नसती. संस्थेच्या बैठकीत बाईंनी मला उभं करून ही पद्धत सगळ्यांना समजावून सांगायला लावली. मालेगावकडच्या कार्यकर्त्या रजिस्टरचे रकाने उतरवून घेऊन गेल्या. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी की मी रिक्षाने घरी आले.

सिन्नरच्या बाजूची ती मुलगी ह्याच सुमारास आमच्याकडे आली. मुलगीच म्हणते, बाविशीची असेल. नवरा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, घर तिथून जवळच्या गावात. घरात सासू. ती बोलायची कमी, पण मधेच एखादी खट्याळ गोष्ट बोलून जायची, आणि समोरचा हसला की मग तिलाच लाज वाटायची. मला ती आवडली होती. तिला मारायचा नवरा, पण कधी मारायचं हे ठरवायची सासू. हे तिनेच मला सांगितलं होतं, जसं स्वयंपाकाचं सांगावं तसं.

समझोत्याच्या बैठकीला मी मुद्दाम गेले. शेजारणीला सासूबाईंजवळ बसवलं. नवरा खाली मान घालून बसला होता, सासू ताठ. कागद झाला, सह्या झाल्या. मग मी बोलायला उठले. मला वाटलं, ह्यांना जरा धाक बसायला हवा. मी माझी सगळी पद्धत त्या सासूसमोर मांडली. बुधवार, अकरा ते चार, दोन रिंग, गुरुवार. "हिचा मिस कॉल आला नाही ना," मी म्हटलं, "की दुसऱ्या दिवशी आमचं माणूस तुमच्या दारात. मग गाव बघेल."

सासूने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी फोन आला का तुम्ही येनार नाय?"

"नाही येणार. कशाला येऊ?"

"बरं," ती म्हणाली.

मला वाटलं, घाबरली. जिना उतरताना बाई मला म्हणाल्या, "इतकं सगळं त्यांच्यासमोर सांगायची गरज होती का गं?" मी म्हटलं, "असू द्या बाई, धाक राहतो." हे मी कुठल्या सुरात म्हटलं ते मला आजही ऐकू येतं, आणि ऐकू आलं की मी चालता चालता मोठ्याने काहीतरी बोलते, तो आवाज बुजावा म्हणून. माझ्या नवऱ्याला वाटतं मला वयानुसार बडबडायची सवय लागली आहे.

पहिले दोन महिने तिचे मिस कॉल यायचे ते कधीही. एकदा अकरा वाजून दहा मिनिटांनी, एकदा पावणेचारला. एकदा तर चार वाजून गेले तरी नाही, आणि मी संस्थेत कळवायला फोन हातात घेणार तोच दोन रिंग आल्या. मी चिडून उलट फोन लावला. दुकानदाराने तिला हाक मारली, ती दम लागल्यासारखी बोलली, "ताई, नळाला पाणीच आलं नव्हतं. हंडा टाकून कसं यावं?" मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, वेळ पाळायची सवय लाव, इथे एकटी तूच नाहीस. ती म्हणाली, "हां ताई."

तिसऱ्या महिन्यापासून तिचे कॉल बाराला यायला लागले. बाराच्या ठोक्याला. एकही बुधवार चुकला नाही, एकदाही पाच मिनिटं इकडे-तिकडे झाली नाहीत. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या, मी तिच्या नावापुढे 'अत्यंत नियमित' असं लिहिलं. पुढच्या बैठकीत उदाहरण म्हणून तिचंच सांगितलं. म्हटलं, बघा, थोडं रागावलं की शिस्त लागते.

दहा वर्षं मी घरोघर फिरले होते. घरात राबणाऱ्या, पाण्याला जाणाऱ्या, सासूची नजर चुकवून दुकानापर्यंत येणाऱ्या बाईला बाराचा ठोका पाळता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. जी कोणी बाराला फोन करते तिला घरात काम नसतं. इतकं साधं आहे हे. पण माझ्या पुढ्यात रकाना होता आणि रकाना भरत होता.

आता त्या दुपारबद्दल. उन्हाळा होता, बुधवार होता. बाराला तिच्या गावच्या नंबरावरून दोन रिंग येऊन गेल्या होत्या, मी 'ठीक' लिहून मोकळी झाले होते. सासूबाईंना भरवलं, मी जेवले, पंख्याखाली खुर्चीतच डोळा लागत होता. फोन वाजला. मी एक डोळा उघडून डबा बघितला. तोच नंबर. घड्याळात तीन चाळीस.

दोन रिंग झाल्या. तिसरी झाली. मी वाट बघितली. चौथी, पाचवी. मला वाटलं, ही काय नवीन तऱ्हा. किती वेळा सांगायचं, दोन झाल्या की ठेवायचा. फोन वाजतच राहिला. खाटेवरून सासूबाई डाव्या हाताने फोनकडे दाखवून "उच... उच..." करायला लागल्या. त्यांना 'उचल' म्हणायचं होतं. मी म्हटलं, "राहू द्या, तो कामाचा आहे."

हे माझे शब्द. कामाचा आहे म्हणून मी तो उचलला नाही. फोन माझ्यापासून एक हात लांब होता. मी मनात म्हणत होते की उचलला तर तिचा रुपया जाईल, आणि त्यात थोडं खरंही होतं. पण जास्त खरं हे की मला झोप आली होती, ती पुन्हा वेळेबाहेर आली म्हणून मी वैतागले होते, आणि तिचं त्या दिवसाचं 'ठीक' माझ्याकडे आधीच लिहिलेलं होतं. फोन मधेच थांबला. लागोपाठ पुन्हा आला तर नियमाप्रमाणे मी उलट करणार होते. नाही आला. मी रजिस्टर ओढलं आणि तिच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं, '३.४० - पुन्हा, चुकून.' मग झोपले.

पुढच्या बुधवारी बाराला दोन रिंग आल्या. त्याच्या पुढच्याही.

पावसाळा गेला, दसरा गेला. थंडी पडायला लागली होती तेव्हा एका सकाळी संस्थेतून बाईंचा फोन आला. "सिन्नरची तुझी ती 'अत्यंत नियमित' आलीये. ये. रजिस्टर घेऊन ये."

मी पुन्हा शेजारणीला बसवलं आणि गेले. ती सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. मी तिला ओळखलं ते तिने मला बघून उठायचा प्रयत्न केला म्हणून. चेहरा निम्मा झाला होता. उजवा हात कोपरात वाकलेला, पोटाशी धरलेला. मी म्हटलं, "अगं बस बस, हात का असा धरलायस, सोड की," आणि ती म्हणाली, "सुटत नाय ताई. असाच राहिला."

नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं, घर रिकामं झालं होतं, तशी ती निघून जीपने नाशिकच्या द्वारका चौकात उतरली होती आणि विचारत विचारत आली होती. बाईंना तिने निम्मं सांगितलं होतं, उरलेलं मला सांगायला ठेवलं होतं. समझोत्यानंतर दोन महिने बरे गेले. मग सासूने तिचं दुकानात जाणं बंद केलं. मग उंबऱ्याबाहेर जाणंच बंद केलं. पाणीसुद्धा सासू भरायची.

"मला पहिल्यांदा बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, बुधवारी माझा फोन जानार नाय, म्हंजी गुरुवारी तुमचं मानूस येनार. मी गुरुवारी सकाळीच आंघोळ करून, डोकं विंचरून बसायचे. भांडी घासायला दाराशी घ्यायचे, म्हंजी रस्ता दिसतो. दर गुरुवारी."

"कधीपर्यंत?" बाईंनी विचारलं.

"लय दिवस. मग म्हटलं, ताईंना लय बायका असतील. एखादी राहून जाते."

मी काय केलं असेल? मी तिचा हात हातात घेतला नाही. मी रजिस्टर उघडलं. बोट ठेवून तिला दाखवायला लागले, "हे बघ, तुझा फोन येत होता गं. प्रत्येक बुधवारी. हे बघ, बारा, बारा, बारा." तिला वाचता येत होतं. तिने मान वाकवून बघितलं.

"बाराला?" ती म्हणाली. मग पानावरून नजर न काढता, "बुधवारी सासू जायची दुकानात. कारखान्याचा बाराचा भोंगा झाला का निघायची. मला वाटायचं तंबाखू आनायला जाते."

मला सासूचं ते 'बरं' आठवलं. तिला मी माझ्या तोंडाने सगळं शिकवलं होतं, आणि त्या बाईने माझे नियम माझ्यापेक्षा नीट पाळले होते.

मग ती कोपराचं सांगायला लागली. उन्हाळ्यात एका सोमवारी नवऱ्याने हात पिरगाळला, काहीतरी मोडल्याचा आवाज आला. हळद बांधली. दवाखान्यात नेलं नाही, नेलं तर विचारतात म्हणून. हात घागरीएवढा सुजला. बुधवारी सासू दुपारची लवंडली, तेव्हा ती मागच्या दाराने दुकानापर्यंत आली. दुकानदाराच्या बायकोकडून रुपया घेतला, हातात धरून ठेवला. "दोनदा देऊन तुमच्या फोनची वाट बघायला टाइम नव्हता," ती म्हणाली. "म्हटलं, एकदाच लावू. लय वेळ वाजवला की ताईंना कळंल, ही उगाच वाजवत नाय. लय वेळ वाजवला मी. रुपया अगदी फटीशी धरलेला."

ती माझ्याकडे बघत होती. बघण्यात राग नव्हता, मी शपथेवर सांगते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"त्या दिवशी तुम्ही घरी नव्हत्या का, ताई?"

रजिस्टर माझ्या मांडीवर उघडं होतं. मी ते मिटलं.

"नव्हते गं," मी म्हटलं. "सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं होतं अचानक."

तिचा चेहरा सैल झाला. इतका की मला वाटलं ती आता रडेल, पण ती हसली. "मला वाटलंच," ती म्हणाली. "मी तेच म्हनत होते मनात. तुम्ही घरी असत्या तर उचलला असता." मग म्हणाली, "बऱ्या हायेत का आता सासूबाई?"

मी म्हटलं, बऱ्या आहेत.

त्याच दुपारी तिला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, उजेडावर धरला, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले की हाड वाकडं जुळलंय, आता पुन्हा मोडून बसवलं तरी पूर्ण सरळ होईल असं नाही. "पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर साधं प्लास्टर होतं," ते म्हणाले. सोमवार ते बुधवार. मी बोटांवर मोजलं, तिथेच, त्यांच्या टेबलासमोर उभी राहून.

संध्याकाळी बाईंनी रजिस्टर मागून घेतलं. पानं उलटत त्या उन्हाळ्यापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मला म्हणाल्या, "त्या बुधवारी तू घरी नव्हतीस ना?"

"नव्हते."

"मग हे तीन चाळीस कोणी लिहिलं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या ओरडल्या असत्या तर मी काहीतरी उलट बोलले असते, मला बोलता येतं. त्या म्हणाल्या, "तिला तू सांगणार आहेस की मी?" मी म्हटलं, मी सांगते. म्हटलं, दोन दिवस द्या, तिची तब्येत जरा सावरू द्या. बाईंनी मान डोलावली. पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांचा माझ्यावर विश्वास होता की मी सांगितलं असेल, हे मला जास्त लागतं.

मी दोन दिवसांनी सांगायला गेले होते. तिच्यासाठी शिरा करून नेला होता. ती डाव्या हाताने खात होती आणि मधेच म्हणाली, "ताई, तिथं गुरुवारी कुनी आलं नाय ना, तेव्हा मला तुमचा लय राग यायचा. तुम्हाला शिव्या घातल्या मी मनात. माफ करा बरं का." आता हिला मी काय सांगायचं? मी तिला म्हटलं, "वेडी आहेस का," आणि तिच्या वाटीत आणखी शिरा वाढला. त्यानंतर सांगायची संधी नव्हती असं मी म्हणणार नाही. संधी रोज होती. मिस कॉलची पद्धत आम्ही त्याच आठवड्यात बंद केली. बैठकीत मी कारण सांगितलं ते असं, की सासरची माणसं ह्या पद्धतीचा गैरफायदा घेतात. सगळ्यांनी मान हलवली. मालेगावकडच्या बायकांना मी स्वतः पत्र लिहिलं, त्यातही तेच कारण लिहिलं.

ती सासरी परत गेली नाही. कोर्टात केस उभी राहिली, चालली, रखडली, पुन्हा चालली. ती संस्थेतच राहिली. आधी झाडलोट, मग कागदपत्रं लावणं, आणि सासूबाई गेल्यावर मी पुन्हा ऑफिसात बसायला लागले तोवर ती फोनवर बसायला लागली होती. फोनच्या कामात तिचा हात धरणारं आता कोणी नाही. ती पहिल्या रिंगला उचलते. रिसीव्हर डाव्या हातात, आणि न सुटणाऱ्या उजव्या हाताखाली वही दाबून धरते, म्हणजे लिहिताना हलत नाही. वाकड्या कोपरामुळे तिला पान तिरपं ठेवावं लागतं, अक्षरही तिरपं येतं.

आता सगळ्यांकडे मोबाईल झालेत. तरी कोणी नवीन बाई सासरी परत जायला निघाली की ती तिला समोर बसवते आणि नंबर पाठ करून घेते. नंतर सांगते, दर वेळी तेच, माझ्या देखत. "एकदा लावला आनि कुनी उचलला नाय, तर घाबरायचं नाय. मनात आनायचं नाय की आपल्याला विसरले. माझंच बघ. मी एवढा वेळ वाजवला, पन ताई तेव्हा घरीच नव्हत्या, दवाखान्यात होत्या. घरी असत्या तर उचलला असता. म्हनून पुन्हा लावायचा."

नवीन बाई खरं-खोटं करायला माझ्याकडे बघते. मी मान डोलावते.